बाईंना विचारा : बाजाराची पिशवी

मागच्या अंकात पडद्यांविषयी उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, की जुना पडदा टाकू नका, त्याची बाजाराची पिशवी शिवा. पडद्याबद्दल पुढे कुणी चकार शब्द काढला नाही, पिशवीबद्दल मात्र टपाल भरून आलं. परभणीच्या शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेल्या बाईला लोक कायदे विचारतात आणि गुरांचे आजारही विचारतात. जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. पत्रं जागेअभावी कापली आहेत.

बाई, विकतच्या कापडी पिशव्यांचे बंद महिन्याभरात तुटतात. पाच किलो ज्वारी टाकली की संपलं. घरी मशीन आहे, साधं शिवणकाम येतं. टिकेल अशी पिशवी कशी शिवायची?
— एक गृहिणी, मानवत

बंद क्वचितच तुटतो. बंद जिथं जोडलाय तिथलं कापड फाटतं. तुमची तुटलेली पिशवी उजेडात धरून बघा. बंदाचं टोक वरच्या दुमडीत जेमतेम अर्धा इंच खोचलेलं असेल आणि त्यावरून एकच टीप गेलेली असेल. पाच किलो ज्वारी त्या अर्ध्या इंचावर लोंबकळत असते.

आधी कापड बघू. नवं आणायला जाऊ नका, घरात शोधा. पडदा सगळ्यात चांगला. चादर मधे विरते पण कडेला धड असते, ती कड घ्या. पुरुषांची पँट गुडघ्यात आणि बुडाला जाते, मांडीपाशी मात्र कापड नव्यासारखं असतं. दोन पायांत एक पिशवी सहज निघते. सुती साडी विरली तरी काठ शाबूत राहतात. त्या काठांचे बंद करा, तितके मजबूत बंद विकत मिळायचे नाहीत. आणि लग्नाकार्यातले ते ब्लाऊजपीस, जे आपण एकमेकींना वर्षानुवर्षं फिरवत असतो, ते मोठ्या पिशवीच्या कामाचे नाहीत. त्यांच्या नाडी ओवलेल्या छोट्या थैल्या करा. मिरच्या, लसूण, शेंगदाणे वेगळे राहतात, आणि ब्लाऊजपीसचा प्रवास एकदाचा थांबतो.

माप असं घ्या. कापड 42 इंच लांब, 21 इंच रुंद. मधोमध दुमडलं की 21 बाय 21 चा चौकोन होतो. घडी तळाला ठेवायची, म्हणजे तळाला शिवणच येत नाही आणि जे शिवलेलंच नाही ते उसवणार कुठून? दोन्ही बाजू आधी सुलटीकडून पाव इंचाला किंचित कमी अंतरावर शिवा, मग पिशवी उलटी करून पुन्हा पाव इंचावर टीप घाला. कापडाची चिरलेली कड आत कोंडली जाते, दोरे सुटत नाहीत.

आता पिशवी उलटीच असताना खालचा एक कोपरा हातात धरा. बाजूची शिवण तळाच्या घडीवर बरोबर आली की तिथं त्रिकोण दिसेल. टोकापासून दोन इंच आत आडवी टीप घाला. ती टीप चार इंच लांब भरेल. दुसऱ्या कोपऱ्याचंही तसंच. टोकं कापू नका, तळाकडे वळवून टाचून टाका. आता पिशवीला चार इंचांचा तळ आला, ती जमिनीवर उभी राहते आणि भाजीवालीसमोर एका हातानं तोंड उघडं धरायची कसरत वाचते. वरची दुमड आधी अर्धा इंच, मग दीड इंच.

खरं काम बंदाचं. चार इंच रुंद, 24 इंच लांब पट्टी घ्या, चौपदरी दुमडून एक इंचाची करा, दोन्ही कडांना टीप घाला. खांद्याला अडकवायची असेल तर लांबी 28 घ्या. बंदाचं टोक पिशवीच्या बाहेरून पुरतं दोन इंच खाली आलं पाहिजे. तिथं आतून पँटच्या कापडाचा एक तुकडा लावा, बंदावर चौकोनी टीप घाला आणि त्या चौकोनात फुली मारा. शाळेत मुली ही फुली विसरायच्या आणि मी परत उसवायला लावायची, म्हणून अजूनही काही जणी माझ्यावर रागावून असतील. ज्वारी-गहू असं दळण नेहमी न्यायचं असेल तर बंद तिथं थांबवूच नका. पट्टा पिशवीच्या अंगावरून खाली, तळाखालून पलीकडे आणि परत वर असा सलग फिरवा. मग वजन कापडावर न येता पट्ट्यावर येतं. सुई 16 नंबरची, जीन्सचं कापड असेल तर 18. धागा पॉलिस्टरचा घ्या. तो प्लॅस्टिकचाच नातेवाईक आहे, मला माहीत आहे, पण सुती धागा धुऊन धुऊन आधी जातो आणि पिशवी मागे राहते.

दुकानदार 'कापडी आहे' म्हणून जी रंगीत पिशवी देतात ती खरंच कापडी असते का? हाताला कापडासारखीच लागते.
— एक वाचक, हिंगोली

नसते. तिला नॉनवोव्हन म्हणतात आणि ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. बारीक तंतू अंथरून गरम रुळाखालून दाबलेले असतात. नीट बघा, सगळ्या अंगावर बारीक ठिपके दिसतील, ते त्या दाबाचे. कड उसवून बघा, कापडाचा उभा-आडवा दोरा निघणार नाही, नुसता कापसासारखा पुंजका हाताला येईल.

तरी शंका असेल तर नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून काडी लावा. उघड्यावर, खाली ताटलीत पाणी ठेवून, आणि मुलांना लांब करून. सुती कापड कागद जळल्यासारखा वास देतं आणि मऊ राख उरते. ही पिशवी आधी आक्रसते, वितळते, थेंब पडतात आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो. तो थेंब बोटावर पडला तर चिकटतो, म्हणून पुन्हा सांगते, चिमटा.

30 सप्टेंबर 2021 पासून अशी पिशवी चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची हवी, असा केंद्राचा नियम आहे. हातात घेतल्यावर पलीकडचं दिसतं, ती त्याहून हलकी समजा. पण घरात दहा-वीस साठल्या असतील तर रागारागानं फेकू नका. फाटेपर्यंत वापरा. फक्त उन्हात लटकवू नका. ऊन लागून लागून तिचा भुगा पडायला लागतो आणि तो अंगणभर होतो.

मी लातूरला कॉलेजात आहे. एका व्याख्यानात ऐकलं की कापडी पिशवी शेकडो वेळा वापरल्याशिवाय ती प्लॅस्टिकपेक्षा चांगली ठरत नाही. मग आपण हे सगळं उगाच करतोय का?
— एक विद्यार्थी, लातूर

उगाच नाही, पण ऐकलंस ते खोटंही नाही. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेनं 2011 मध्ये हिशेब मांडला होता. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ कॅरीबॅगशी हवामानाच्या बाबतीत बरोबरी करायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, नॉनवोव्हन 11 वेळा, कागदी 3 वेळा. डेन्मार्कच्या संस्थेनं 2018 मध्ये हवामानापुरता आकडा 52 काढला, पण पाणी, माती, हवा असं सगळं धरल्यावर साध्या सुती पिशवीचा आकडा 7,100 वर गेला.

आपण कापूस पिकवणारी माणसं आहोत, आपल्याला याचं नवल वाटू नये. सरकी लावण्यापासून खत, फवारण्या, वेचणी, जिनिंग, सूत, विणाई, रंग. एवढं सगळं एका वार कापडामागे असतं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापसाचं काय केलं ते तुझ्या घरच्यांना विचार. असं कापड फुकट वाटायचं आणि दोन वापरांत कोपऱ्यात टाकायचं, हा प्लॅस्टिकइतकाच माज आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. 131 हा आकडा नव्या कापडाचा आहे. आठवड्याच्या बाजारालाच पिशवी नेलीस तर अडीच वर्षं लागतील, रोज दूध-भाजीला नेलीस तर साडेचार महिने. आईच्या जुन्या पडद्याची पिशवी केलीस तर कापड आधीच होऊन गेलेलं आहे, तिथं हा आकडा लागूच होत नाही. आणि या दोन्ही अभ्यासांत उघड्यावर पडलेल्या कचऱ्याचा हिशेब धरलेला नाही. तिकडे पिशवी कचऱ्याच्या डब्यात जाते, तिथून भट्टीत किंवा खड्ड्यात. आपल्याकडे ती नालीत जाते, बाभळीला अडकते, गाईच्या पोटात जाते. फेब्रुवारी 2018 मध्ये, शहराचा कचरा जिथं टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, रस्त्यांवर ढीग लागले होते. त्या ढिगांवरून वारा सुटला की काय उडायचं ते पाहिलेल्या माणसाला 7,100 चा आकडा सांगून समाधान होणार नाही.

तेव्हा तू नवी पिशवी विकत घेऊ नकोस. आहे ती झिजव.

माझं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक हात हलवत येतं. पिशवी नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातं. होलसेलवाला म्हणतो 120 मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिक पिशवी चालते. खरं काय?
— एक दुकानदार, सेलू

होलसेलवाला अर्धं सांगतो. 120 मायक्रॉन हा केंद्राचा नियम, 31 डिसेंबर 2022 पासूनचा. महाराष्ट्राची अधिसूचना त्याच्या आधीची आहे, 23 मार्च 2018 ची, आणि तिच्यात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगलाच बंदी आहे, मग तिला बंद असोत किंवा नसोत. दंड पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पथक महिनोन्महिने फिरकत नाही हे मीही बघते. पण आलं की होलसेलवाल्याच्या दारात नाही, तुमच्या काउंटरवर येतं.

गिऱ्हाईक जातं हे खरं आहे, त्यावर मी प्रवचन देणार नाही. इतकं करून बघा : गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईकडून जुन्या कापडाच्या पन्नासेक पिशव्या शिवून घ्या, एकाच रंगाचे बंद लावा म्हणजे ओळखू येतील. पिशवी दिली की वीस रुपये अनामत वहीत किंवा बिलात लिहा, परत आणली की वजा करा. उधारीची वही तुम्ही सांभाळताच, त्यात अजून एक रकाना. सगळ्या परत येणार नाहीत, पण न येणाऱ्या पिशवीचे पैसे वसूल झालेले असतील. आणि शक्य असेल तर शेजारच्या दुकानदारालाही यात घ्या. एकट्याने सुरू केलं तर गिऱ्हाईक जातं, दोघांनी केलं तर जाणार कुठं?

पुड्यांचं विचारलं नाहीत तरी सांगते. रद्दीच्या कागदात खायचं काही बांधू नका. छपाईची शाई अन्नाला लागते, अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 मध्येच तशी सूचना काढली आहे. खाकी कागद घ्या.

युरियाच्या रिकाम्या पोत्याच्या पिशव्या आमच्याकडे सर्रास शिवतात. फुकटात होतात आणि दणकट असतात. वापरायला हरकत आहे का?
— एक शेतकरी, कळंब

सरपण, गोवऱ्या, कडबा, लोखंडी सामान, पाकीटबंद किराणा यासाठी खुशाल वापरा. उघडी भाजी, धान्य, पीठ त्यात नको. पोतं कितीही धुतलं तरी विणीच्या पट्ट्यांमध्ये खत राहतं. कीटकनाशकाची पिशवी मात्र कशालाच नाही, चपला ठेवायलासुद्धा नाही. आणि पोत्याची पिशवी उन्हातून काढा, नाहीतर वर्षाच्या आत तिच्या चिंध्या होऊन शेतात जातात.

आमच्या देवणी गाईचं पोट सारखं फुगतं. डॉक्टर म्हणाले प्लॅस्टिक असू शकेल. गाय वेडी आहे का, प्लॅस्टिक कशी खाते?
— एक वाचक, उदगीर तालुका

गाय वेडी नाही. हे उत्तर माझ्या भाच्याला विचारून देते, तो गुरांचा डॉक्टर आहे. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेनं वेटोळं घालून ओढते आणि गिळते, चावायचं काम नंतर रवंथ करताना. शेळी ओठांनी निवडून पान-पान खाते, गाईला ते जमत नाही. आपण काल उरलेली भाकरी-भाजी पिशवीत घालतो, वर घट्ट गाठ मारतो आणि कोपऱ्यावर ठेवतो. मिठाचा वास आत असतो, गाठ सोडायला तिला हात नाहीत, ती पिशवीसकट गिळते. स्फुरद किंवा मीठ कमी पडलेली जनावरं तर चिंध्या, चामडं, काहीही चघळतात, म्हणून खनिज मिश्रणाचंही डॉक्टरांना विचारा.

पिशवी कोटीपोटात जाते आणि तिथंच राहते. पचत नाही, पुढे सरकत नाही. एकीत एक अडकून गोळा होतो, चाऱ्याला जागा उरत नाही, वायू अडतो. भूक मंदावणं, रवंथ कमी होणं, दूध आटणं, डावी कूस वारंवार फुगणं ही लक्षणं. औषधानं गोळा विरघळत नाही. डाव्या कुशीत चीर देऊन कोटीपोट उघडून काढावा लागतो. तुमच्या उदगीरलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवा, दिवस घालवू नका. घरी गाय अशक्त होऊन बसली की शस्त्रक्रियाही अवघड होते.

गल्लीतल्यांना एवढं सांगा, की शिळं गाईला द्यायचं तर पाटीत मोकळं द्या. गाठ मारलेली पिशवी देऊ नका.

मटण, दही, तेल कापडी पिशवीत कसं आणायचं? सासूबाई म्हणतात, तेवढ्यापुरती कॅरीबॅग चालू दे.
— एक वाचक, नांदेड

सासूबाईंना आठवण करून द्या, त्यांच्या सासूबाई तेलाला काय न्यायच्या. घाण्यावर बरणी घेऊन जा. मटणाला कडीचा स्टीलचा डबा, दह्याला झाकणाचा. दुकानदाराला आधी डब्याचा धडा करून, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन वजा धरून, घ्यायला सांगा, मग माल टाकू द्या. आताच्या काट्यावर रिकामा डबा ठेवून एक बटण दाबलं की शून्य येतं, त्याला काही त्रास नाही. पहिल्या वेळी तोंड वाकडं करतो, नंतर तोच म्हणतो, ताई, डबा आणला का?

मटणाच्या डब्यासाठी पिशवी वेगळी ठेवा आणि तिला वेगळ्या रंगाचा बंद लावा, म्हणजे त्यात कुणी मेथी टाकणार नाही. पालेभाजीची पिशवी मातीनं भरते, ती उलटी करून झटका, कोपऱ्यात बोट घालून चिखल काढा आणि आठवड्याला एकदा धुऊन कडक उन्हात वाळवा. सुती कापडाला ऊन चालतं.

पिशव्या घरात ढीगभर आहेत. बाजारात पोचल्यावर आठवण येते. उपाय?
— एक निवृत्त कर्मचारी, जालना

एक गाडीच्या डिकीत. एक चपलांच्या स्टँडपाशी खिळ्याला, स्वयंपाकघरात नको. तिथून माणूस चपला घालून निघतो का? एक पातळ घडी करून शर्टाच्या खिशात. भाजी काढून झाली की पिशवी लगेच परत खिळ्याला, ओट्यावर ठेवली की हरवलीच म्हणा. आणि बाकीचा ढीग शेजाऱ्यांना वाटून टाका. घरात चार असल्या की माणूस जपतो.

मुलीच्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी ऐवजी कापडी पिशवी द्यायचं ठरवलंय, वर दोघांची नावं आणि फोटो छापून. पाचशे लागतील. कशा असाव्यात?
— एक वधूपिता, अंबाजोगाई

कल्पना चांगली आहे, फोटो सोडून. दुसऱ्याच्या मुलीचा फोटो खांद्याला लावून कोण कांदे आणायला जातं? निवडणुकीत वाटलेल्या पिशव्यांचं काय होतं ते बघा, लोक उलट्या करून वापरतात किंवा पायपुसणं करतात. नाव घालायचंच तर आतल्या बाजूला, बोटभर.

पाचशे पातळ पिशव्यांपेक्षा दोनशे जाड घ्या आणि घरटी एक द्या. पत्रिका घरटी जाते, तशी पिशवीही जाऊ शकते. ऑर्डर देण्याआधी नमुना मागवा. त्यात पाच किलो ज्वारी भरा, बंद धरून जिन्यावरून दोनदा वर-खाली करा, मग वरची शिवण उजेडात धरून बघा. बंदापाशी कापड ताणून जाळी दिसली तर माल परत. फुली मारायला सांगा. शिवणारा म्हणेल, त्याला वेळ लागतो, पिशवीमागे दोन रुपये जास्त पडतील. द्या.